केप ब्रेटनचीं गाणारीं भावंडें

इ. स. १९७१ सालीं कॅनडाच्या राष्ट्रीय नभोवाणी संस्थेनें दूरचित्रवाणीसाठीं एक माहितीपट तयार केला. त्याचें नांवच असें होतें कीं, तें ऐकून केप ब्रेटन बेटावरील लोकांच्या काळजांत धस्स व्हावें. 'नाहींसा होत चाललेला केप ब्रेटनचा फिडलवादक' असा त्या नांवाचा अर्थ. व्हायोलिनलाच तेथील लोक फिडल म्हणतात. जुने वादक म्हातारे झाले आहेत, तरुण मंडळी दुसऱ्याच संगीताच्या नादीं लागली आहे, आणि हें वाद्य हातीं घेणारा लवकरच कोणी उरणार नाहीं, असा त्या चित्रपटाचा सूर होता.

त्यानंतर तेवीस वर्षांनीं, १९९४ सालीं, कॅनडांतील संगीताचीं 'जूनो' नांवाचीं मानाचीं पारितोषिकें जाहीर झालीं. त्यांपैकीं चार एकाच कुटुंबाच्या पदरांत पडलीं. तें कुटुंब ह्याच बेटावरचें होतें. दोन भाऊ आणि तीन बहिणी, अशीं पांच सख्खीं भावंडें; त्यांच्या वाद्यमेळांत फिडल होतें, आणि त्यांच्या गाण्यांत आजोबा-पणजोबांच्या भाषेंतील गीतें होतीं. त्यांचें आडनांव रँकिन. ह्या दोन घटनांमधील अंतर कसें कापलें गेलें, हा केवळ एका कलापथकाच्या भाग्योदयाचा प्रश्न नाहीं. एखादी कला कोठें जगते आणि कोठें सुकते, ह्याविषयीं त्यांत पुष्कळ शिकण्यासारखें आहे.

केप ब्रेटन हें कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील नोव्हा स्कोशिया प्रांताचें ईशान्य टोक. नोव्हा स्कोशिया म्हणजे नवें स्कॉटलंड. नांव लॅटिन आहे, पण तें सार्थ केलें तें लॅटिनचा गंधही नसलेल्या गरीब शेतकऱ्यांनीं. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलखांत आणि पश्चिमेच्या बेटांवर राहणारे हे लोक गेलिक भाषा बोलत. १७४६ सालीं कलोडनच्या लढाईंत त्यांच्या जुन्या कुलसत्तेचा कणा मोडला. पुढें जमीनदारांना कुळांपेक्षां मेंढरें अधिक किफायतशीर वाटूं लागलीं. खंड वाढले, आणि पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीवरून माणसें उठविलीं गेलीं. १७७३ सालीं 'हेक्टर' नांवाचें गलबत अशा सुमारें दोनशें लोकांना घेऊन नोव्हा स्कोशियाच्या पिक्टू बंदराला लागलें. १८०२ सालीं एक गलबत थेट केप ब्रेटनच्या सिडनी बंदरांत आलें, आणि त्यानंतरच्या अर्धशतकांत सुमारें वीस हजार स्कॉट लोक ह्या एका बेटावर उतरले. बेट ओसाड नव्हतें. मिकमॉ ह्या मूळ रहिवाशांचा तो पुरातन मुलूख होता. एका ठिकाणीं उखडलेले लोक दुसऱ्यांच्या भूमीवर रुजले, ही गोष्ट ह्या कथेच्या तळाशीं आहे, आणि ती विसरून चालत नाहीं.

हे लोक एकएकटे आले नाहींत, गोतावळ्यानिशीं आले. एका खोऱ्यांतले शेजारी नव्या देशांतही शेजारी म्हणूनच वसले. बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरील माबू गांवीं विशेषेंकरून लोखाबर भागांतील कॅथलिक कुटुंबें आलीं. बेट आणि मुख्य भूमि यांमध्यें सामुद्रधुनी होती, आणि तिच्यावर बांध घालून रस्ता झाला तो १९५५ सालीं. तोंवर शेती, मासेमारी आणि कोळशाच्या खाणी ह्यांवर निर्वाह करणारें हें जग बरेंचसें आपल्यांतच राहिलें. त्यामुळें झालें असें कीं, मूळ स्कॉटलंडमध्यें जें वादन काळाच्या ओघांत बदललें, त्याच्या पुष्कळ जुन्या खुणा ह्या दूरच्या बेटावर टिकल्या.

ह्या संगीताचें विद्यालय म्हणजे घर, आणि घरांतही स्वयंपाकघर. हिवाळ्यांत तेथें बर्फ पडतें, रात्री लांबतात, आणि चुलीची ऊब जेथें असेल तेथें माणसें जमतात. अशा जमण्याला गेलिकमध्यें 'केय्ली' म्हणतात. त्या शब्दाचा मूळ अर्थ नुसताच भेटीस जाणें असा आहे. शेजारी भेटीस आला कीं गोष्ट व्हावयाची, गोष्टींतून गाणें निघावयाचें, आणि भिंतीवरचें फिडल खालीं उतरलें कीं पोरेंसोरेंदेखील नाचूं लागावयाचीं. घरीं विणलेलें लोंकरीचें कापड घट्ट करण्यासाठीं तें मेजाभोंवतीं बसून तालांत आपटावें लागे, आणि त्या तालावर गेलिक गीतें म्हटलीं जात. जात्याच्या घरघरीबरोबर ओवी म्हणणाऱ्या आपल्याकडील बायकांना हा प्रकार मुळींच परका वाटला नसता. काम आणि गाणें यांची तेथें फारकत झालेली नव्हती.

वादनाची रीतही नाचण्यासाठींच घडलेली होती. वादक खुर्चीवर बसतो आणि वाजवितांना दोन्ही पायांनीं जमिनीवर ठेका धरतो. आधीं 'स्ट्रॅथस्पे' नांवाचा ठसकेदार, मध्यम गतीचा प्रकार. त्यांतील आंखूड-लांब स्वरांचा झटका हीच त्याची ओळख. मग न थांबतां 'रील' हा द्रुत प्रकार. नाचणारा कमरेच्या वरचा भाग जवळजवळ स्थिर ठेवून पायांनीं त्या प्रत्येक स्वराला जबाब देतो. पाठीशीं पूर्वीं पायपेटी असे, पुढें विसाव्या शतकांत पियानो आला, आणि तोही नुसता साथ न करतां तालाचा अर्धा भार उचलूं लागला. लहान मूल हें सारें पुस्तकांतून शिकत नसे. तें जिन्याच्या पायरीवर बसून ऐके, कोणीं न सांगतां त्याचे पाय हलूं लागत, आणि एके दिवशीं त्याच्या हातांत वाद्य येई.

परंतु ह्या सुरक्षित दिसणाऱ्या घराला दोन बाजूंनीं तडे जात होते. पहिला तडा भाषेचा. १८६७ सालीं कॅनडाचें संयुक्त राज्य स्थापन झालें, तेव्हां युरोपीय भाषांत इंग्रजी आणि फ्रेंच यांच्या खालोखाल गेलिक बोलणारांची संख्या होती. तरीही नोव्हा स्कोशियाच्या १८६४ सालच्या शिक्षणविषयक कायद्यांत गेलिकला कोठेंच जागा नव्हती. शाळा इंग्रजी, व्यापार इंग्रजी, नोकरी इंग्रजी. आपल्या मुलांचें भलें व्हावें म्हणून आईबापांनींच त्यांच्याशीं इंग्रजींत बोलावयास सुरुवात केली. मोठीं माणसें आपसांत गेलिक बोलत आणि मुलांकडे वळून इंग्रजी बोलत. भाषा अशीच जाते. तिला कोणी मारीत नाहीं, ती उंबरठ्याशीं थांबते. दुसरा तडा निर्वाहाचा. जमीन थोडी, मुलें पुष्कळ. म्हणून तरुण माणसें बॉस्टनकडे, पुढें टोरोंटोकडे निघून जाऊं लागलीं.

ह्याच काळांत नभोवाणी आली. तिनें बेटाच्या संगीतावर एकाच वेळीं दोन प्रकारचा परिणाम केला. एकीकडे तिनें गांवच्या वादकाला प्रतिष्ठा दिली. जवळच्याच अँटिगोनिश गांवीं १९४३ सालीं नभोवाणी केंद्र निघालें, आणि शेजारच्या गांवचा वादक यंत्रांतून ऐकूं येऊं लागला. त्यापूर्वीं १९३० नंतरच्या दशकांत त्याच गांवीं केप ब्रेटनच्या वादकांच्या ध्वनिमुद्रिकाही निघूं लागल्या होत्या. दुसरीकडे रात्रीच्या वेळीं, हवा स्वच्छ असली म्हणजे, अमेरिकेंतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यांतल्या व्हीलिंग केंद्राचा प्रबळ आवाज समुद्र ओलांडून येई, आणि त्याबरोबर 'कंट्री' ह्या नांवानें ओळखलें जाणारें अमेरिकन ग्रामीण संगीत शेतकऱ्यांच्या घरांत शिरे.

हें पाहुणें संगीत वाटतें तितकें परकें मात्र नव्हतें. अठराव्या शतकांत स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड येथून निघालेले हजारों लोक अमेरिकेच्या ॲपलेशियन डोंगरांत जाऊन राहिले होते. त्यांनीं आपलीं फिडलें आणि लांबलचक कथागीतें बरोबर नेलीं. तेथें त्यांत आफ्रिकन वंशाच्या लोकांचा बँजो आणि त्यांची लय मिसळली, आणि १९२७ सालीं टेनेसींतील ब्रिस्टल गांवीं कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्यावर ह्या संगीताला बाजार सांपडला. कार्टर कुटुंब हेंही घरचेंच पथक होतें: नवरा, बायको आणि भावजय. नोव्हा स्कोशियांतच जन्मलेले विल्फ कार्टर आणि हँक स्नो हे पुढें ह्या संगीताचे मोठे गायक झाले. स्नो यांची सुरुवात १९३३ सालीं हॅलिफॅक्सच्या नभोवाणीवरून झाली. तात्पर्य, गेलिक गीत आणि कंट्री गीत हीं दोन सावत्र नव्हेत, तर लहानपणींच ताटातूट झालेलीं भावंडें होतीं. केप ब्रेटनच्या स्वयंपाकघरांत तीं पुन्हां एकत्र आलीं.

आतां १९७१ च्या त्या माहितीपटाकडे वळूं. त्यांतील भाकीत बेटावरील लोकांना झोंबलें. मात्र नुसता निषेध करून ते थांबले नाहींत. ग्लेनडेल गांवचे धर्मगुरु फादर जॉन अँगस रँकिन आणि कांहीं उत्साही मंडळी यांनीं १९७३ च्या जुलै महिन्यांत फिडलवादनाचा मोठा मेळा भरविला. शंभरांहून अधिक वादक एकत्र बसून एका सुरांत वाजवूं लागले, तेव्हां नाहींसा झालेला वादक कोठें आहे, हें शोधण्याची गरज उरली नाहीं. वादकांची संघटना उभी राहिली, आणि मुलांना शिकविण्याचे वर्ग निघाले. भाकीत खोटें ठरलें खरें. पण तें खोटें ठरावयास तेंच भाकीत कारण झालें. धोक्याची सूचना वेळेवर मिळाली, म्हणजे ती उपकारकच ठरते.

ह्याच दशकांत माबू गांवीं बडी आणि केथलीन ह्या रँकिन दांपत्याच्या घरीं बारा मुलें वाढत होतीं. घरांत फिडल होतें, पियानो होता, आणि शेजाऱ्यांची वर्दळ होती. मोठ्या मुलांनीं पथक करून गांवच्या लग्नांत आणि नाचाच्या बैठकींत वाजविण्यास सुरुवात केली. ह्या पथकाची रीत लक्षांत ठेवण्यासारखी आहे. थोरलीं भावंडें शिक्षणासाठीं किंवा नोकरीसाठीं बाहेर पडलीं कीं त्यांच्या जागीं धाकटीं उभीं राहत. पथकाचें नांव तेंच, गाणीं पुष्कळशीं तींच. माणसें मात्र वयाच्या क्रमानें बदलत. शेतावर थोरल्याचा नांगर धाकट्याच्या हातीं यावा, तसें हें चाले. कलेचें हस्तांतर हा येथें समारंभ नव्हता. ती घरांतील एक नित्याची गोष्ट होती.

ह्या क्रमानें शेवटीं जीं पांच भावंडें उरलीं, तींच पुढें जगाला ठाऊक झालीं: जॉन मॉरिस, रेलीन, जिमी, कुकी आणि हेदर. जॉन मॉरिस हा फिडल आणि पियानो ह्या दोन्ही वाद्यांवर प्रभुत्व असलेला, जुन्या रीतीचा मर्मज्ञ. जिमी हा गीतें रचणारा. घराजवळचा डोंगर, कोळ्याचा मुलगा, रेल्वेची शीळ, असे गांवचेच विषय त्याच्या गीतांत येत. तिघी बहिणींचे आवाज एकत्र आले म्हणजे एक कोठें संपतो आणि दुसरा कोठें सुरू होतो, हें कळत नसे. सख्ख्या भावंडांच्या गायनांत हा गुण स्वाभाविकपणें येतो: स्वर उच्चारण्याची ढब एक, श्वास घेण्याची जागा एक, आणि लहानपणापासून एकमेकांचें ऐकण्याची संवय. रेलीननें तर कायद्याची पदवी घेतली होती. तो व्यवसाय बाजूला ठेवून तिनें गाण्याचा मार्ग धरला.

१९८९ सालीं ह्या भावंडांनीं कोणा मोठ्या कंपनीच्या आश्रयावांचून, स्वतःच पहिली ध्वनिफीत काढली. दुसरी १९९० सालीं आली. 'फेअर दी वेल लव्ह' हें तिचें नांव. ह्याच दुसऱ्या फितींत जिमीनें रचलेलीं नवीं गीतें, फिडलचे मेळ, गेलिक गीतें आणि ॲपलेशियन डोंगरांतील एक जुनें प्रेमगीत, अशीं सारीं शेजारीं शेजारीं बसलीं आहेत. जें स्वयंपाकघरांत एकत्र आलें होतें, तेंच येथें एकत्र आलें. १९९२ सालीं ईएमआय ह्या मोठ्या कंपनीनें त्यांच्याशीं करार केला आणि ती फीत देशभर पोहोंचली. १९९३ सालीं 'नॉर्थ कंट्री' निघाली. १९९४ च्या चार पारितोषिकांत वर्षांतील श्रेष्ठ कलावंत, श्रेष्ठ गायनसंघ, श्रेष्ठ कंट्री संघ आणि श्रेष्ठ गीत असे चार मान होते. कंट्री संघ म्हणून मिळालेला मान विशेष बोलका आहे. गेलिक गाणाऱ्या भावंडांना कंट्रीचें पारितोषिक देतांना परीक्षकांना कांहीं विसंगत वाटलें नाहीं, आणि इतिहास पाहिला तर विसंगत कांहीं नव्हतेंच.

ह्या यशाचा काळ मात्र त्यांच्या बेटाला सुखाचा नव्हता. १९९२ च्या जुलैंत न्यू फाउंडलंडच्या समुद्रांत कॉड मासा पकडण्यावर बंदी आली, आणि पुढच्याच वर्षीं ती केप ब्रेटनच्या आसपासच्या पाण्यालाही लागू झाली. शतकानुशतकें चालत आलेला धंदा एका हुकुमानें थांबला. कोळशाच्या खाणी आणि पोलादाचा कारखाना यांना आधींच घरघर लागली होती. २००१ सालपर्यंत सरकारी कंपनीची शेवटची खाण आणि सिडनीचा पोलाद कारखाना, दोन्ही बंद झालीं. 'राइझ अगेन', म्हणजे पुन्हां उठूं, हें गीत लिऑन डुबिन्स्की यांनीं १९८४ सालीं ह्याच मंदीच्या छायेंत लिहिलें. बेटावरील एका संगीत-प्रहसनांत रेलीननें तें प्रथम गायिलें, आणि पुढें 'नॉर्थ कंट्री'मध्यें भावंडांनीं तें पुन्हां गायिलें. आपल्यानंतर आपण मुलांच्या रूपानें उठतों, हा त्याचा आशय. ज्या बेटावरून दरवर्षीं मुलें निघून जात होतीं, तेथें ह्या शब्दांना किती वजन आलें असेल, ह्याची कल्पना करतां येते.

रंगमंचावरचें हें जीवन दहा वर्षें चाललें. १९९९ सालीं भावंडांनीं एकत्र गाणें थांबविलें आणि प्रत्येकानें आपापली वाट धरली. पुढच्याच जानेवारींत, २००० सालच्या १६ तारखेस, जॉन मॉरिस आपल्या मुलाला आणि त्याच्या दोन सोबत्यांना बर्फावरील हॉकीच्या सामन्यास घेऊन चालला असतां त्याची गाडी रस्त्यावरून समुद्रांत कोसळली. मुलें वांचलीं, तो गेला. त्याचें वय चाळीस वर्षांचें होतें. २००७ सालीं राहिलेलीं भावंडें पुन्हां एकत्र आलीं, आणि त्या दौऱ्यांत जॉन मॉरिसची मुलगी मॉली त्यांच्याबरोबर उभी राहिली. २०१२ च्या सप्टेंबरांत रेलीन कर्करोगानें वारली.

घरच्या पथकाचें बळ आणि दुबळेपण एकाच ठिकाणीं असतें. नोकर वादक गेला तर दुसरा मिळतो. भाऊ गेला तर त्याची जागा रिकामीच राहते. शिवाय नाचासाठीं जन्मलेलें संगीत रंगमंचावर चढलें, म्हणजे नाचणारा शेजारी खुर्चींत बसलेला प्रेक्षक होतो, आणि त्याच्या पायांनीं वादकाला मिळणारा जबाब बंद होतो. रँकिन भावंडांच्या मुद्रित गाण्यांत शहरी वाद्यांचा गुळगुळीतपणा आला, हेंही खरें. परंतु त्यांच्या गाण्यानें एक काम असें केलें, जें कोणत्याही सभेला किंवा ठरावाला साधलें नसतें. खेडवळ आणि म्हाताऱ्यांची म्हणून जिची लाज वाटावयाची, ती आजोबांची गाणी मोठ्या शहरांतील सभागृहांत मानानें ऐकली गेली.

त्यांच्याच काळांत आणि त्यांच्यामागून इतर घरेंही पुढें आलीं. सिडनी माइन्सचीं बॅरा मॅकनील भावंडें, आणि ऑन्टॅरिओंतील लेही भावंडें, ज्यांची आई केप ब्रेटनची. १९९७ सालापासून दर ऑक्टोबरांत बेटावर 'सेल्टिक कलर्स' नांवाचा संगीतोत्सव भरूं लागला. १९९६ सालीं स्कॉटलंडमधील साउथ उइस्ट बेटावर उन्हाळी संगीतशाळा सुरू झाली, तेव्हां जुनी नाचाची रीत शिकविण्यासाठीं केप ब्रेटनचे वादक आणि नर्तक तेथें गेले. ज्या मुलखांतून पूर्वजांना उठविलें होतें, त्याच मुलखाला वंशजांनीं त्याची विसरलेली ठेव परत नेऊन दिली.

भाषेचा हिशेब मात्र इतका सुखाचा नाहीं. गाणें भाषेला कांहीं काळ सांभाळतें, पण तिला जगवूं शकत नाहीं. अर्थ न कळतांही गीत पाठ करतां येतें. भांडण, लाडीगोडी आणि बाजारहाट करावयाचा तर भाषाच लागते. हें ओळखून सेंट ॲन्स येथें १९३८ सालींच गेलिक विद्यालय स्थापन झालें होतें, आणि २००६ सालीं प्रांतिक सरकारनें गेलिकसाठीं स्वतंत्र कचेरी उघडली. परंतु लहान मुलांना सर्व विषय गेलिकमधून शिकविणारी पहिली शाळा उघडण्यास २०२१ साल उजाडावें लागलें. १८६४ च्या कायद्यानें मिटलेलें दार उघडण्यास दीडशेंहून अधिक वर्षें लागलीं. ती शाळा निघाली तीही माबू गांवींच. माबूचें गेलिक नांव 'आन द्रोहिच', म्हणजे पूल. शाळेच्या नांवांतही तोच शब्द आहे.

मॉली रँकिन पुढें टोरोंटोंत आपल्या स्वतंत्र पथकाची गायिका झाली, आणि त्या पथकाला २०१८ सालीं जूनो मिळाला. तिचें संगीत आजच्या शहराचें आहे. त्यांत स्ट्रॅथस्पे शोधूं गेल्यास सांपडणार नाहीं. ह्यांत हळहळण्यासारखें कांहीं नाहीं. वारसा म्हणजे तेंच गाणें जसेंच्या तसें पुन्हां म्हणणें नव्हे. थोरल्यांनीं सोडलेली जागा धाकट्यांनीं रिकामी राहूं दिली नाहीं, एवढीच रँकिनांच्या घराची रीत होती. माबूच्या त्या नव्या शाळेंत जीं मुलें आज गेलिकमधून पाढे म्हणत आहेत, तीं ह्याच रीतीनें एका जुन्या जागीं येऊन उभीं राहिलीं आहेत.